शमुवेल मास्तरांचे उपास

शमुवेल मास्तरांइतके उपास करणारा ख्रिस्ती माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. ख्रिस्तीच कशाला, माझी एक आत्या सोमवार, प्रदोष, संकष्टी आणि शिवाय सुनेवर रुसून वेगळे उपास करायची, तीही मास्तरांपुढे हरली असती. मास्तर सोमवारी उपास करत, शनिवारी करत, एकादशीला करत आणि पंचांगात ज्या दिवसाला काहीही नाव नाही त्या दिवशीही करत. अट एकच होती. गावात कोणाकडे तरी पंगत असली पाहिजे. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, पत्रावळी मांडायला सुरुवात झाली की मास्तर छातीवर हात ठेवून म्हणायचे, "आज उपास हाय जी."

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि भांडायला त्यांना कारण लागत नाही. गोंदियाहून देवरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारीतून उतरायचं आणि धानाच्या बांध्यांमधून, त्यांच्या मधल्या अरुंद धुऱ्यांवरून तोल सांभाळत चालत जायचं. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. देश स्वतंत्र होऊन चार-सहा वर्षं झाली होती. ती बातमी गावापर्यंत पोचली होती, पण तिचं पुढे काय करायचं ते गावानं अजून ठरवलं नव्हतं.

अशा गावात मिशनची प्राथमिक शाळा होती. चार इयत्ता, दोन खोल्या, कौलावर एक लाकडी क्रूस आणि क्रूसाच्या आधारानं राहणारी गांधीलमाशी. अंगणात मोहाचं झाड आणि झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला, ती आमची घंटा. शमुवेल मास्तर हेडमास्तर. हाताखाली मी. मॅट्रिकला गटांगळ्या खाल्लेल्या नागपूरच्या पोराला दुसरीकडे कोणी उभं करत नव्हतं, म्हणून मी तिथे होतो. गाव मला 'लहाने मास्तर' म्हणे. शिकवण्याची आवड वगैरे मला काही नव्हती.

मास्तर उंच, हडकुळे, धोतरावर काळा कोट. हा कोट ते वैशाखातही काढत नसत. खिशात खडू, बगलेत छत्री आणि तोंडात एक वाक्य कायमचं. "शाळा काय पाहुनी हाय का जी?" हे वाक्य म्हणत ते गावातल्या कोणाच्याही घरात, भांडणात, सोयरिकीत आणि गोठ्यात शिरत. कोणाची म्हैस अडली की मास्तर हजर. भावाभावांच्या वाटण्या चालल्या की मास्तर मधे उभे. कोणी म्हणालं, "मास्तर, हे आमच्या घरचं हाय, तुमी कायले?" की उत्तर तयार. शाळा काय पाहुनी हाय का जी? माणूस मग त्यांना वाट करून देई. पटल्यामुळे नव्हे, कंटाळून.

एकटे शिरत असते तरी चाललं असतं. हा गृहस्थ शाळा बरोबर घेऊन शिरायचा.

रोवण्याचे दिवस आले की पोरं शाळेत फिरकत नाहीत. कुठल्याही शहाण्या हेडमास्तरानं कुलूप लावून ताणून दिली असती. आमच्या हेडमास्तरांनी शाळा बांधावर नेली. फळा कोणी न्यायचा? मी. भर पावसात डोक्यावर फळा धरून मी चिखलातून चाललोय आणि पुढे मास्तर छत्री उघडून, पोरांना सांगताहेत की पाय जपून टाका. बांधीत बायका ओणव्या होऊन परे, धानाची कोवळी रोपं, लावत होत्या, पोरं त्यांच्या हाताखाली, आणि बांधावरून मास्तर सातचा पाढा ओरडत होते. बायकांची गाणी बंद पडली. थोड्या वेळानं त्याही पाढा म्हणायला लागल्या. सात सक्कंच्या पुढे सगळ्यांचाच घोळ झाला, मास्तर पुन्हा सात एके सातपासून सुरू. माझ्या हातातला फळा केव्हाच धुऊन कोरा झाला होता. संध्याकाळी मला शिंका सुरू झाल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "मजा आली ना जी?"

मंडईचंही तेच. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, दुपारी दंडारीचा खेळ होतो, सोंगं नाचतात. आमच्या गावच्या दंडारीत रामाचं काम करणारा गडी दोन ओळींपलीकडे काही लक्षात ठेवू शकत नसे. मग पडद्यामागे कोण उभं? शमुवेल मास्तर. वनवासाला निघालेला राम आईपुढे हात जोडून गप्प उभा, आणि मागून काळ्या कोटातला ख्रिस्ती माणूस कुजबुजतोय, "माते, आज्ञा दे." एकदा राम तरीही गप्प राहिला, तेव्हा मास्तर चिडून पडद्याबाहेर आले आणि सगळं भाषण स्वतःच म्हणून गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामानं पण वाजवल्या.

आता लग्नाची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे.

गावात लग्न असलं की मास्तर शाळा सोडून देत नसत, लग्नाला नेत. दोन रांगा, पुढे मास्तर, मागे मी. मांडवासमोर पोरं वधूवरांसाठी एक बेसूर गाणं म्हणत आणि मग जेवायला बसत. आणि बसत ती इयत्तेनं. पहिली इकडे, दुसरी तिकडे. मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, नातू पहिलीत असेल तर तो पहिलीत, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून खालच्या टोल्याचं पोर. हा खालचा टोला म्हणजे ज्यांच्या विहिरी वेगळ्या आणि ज्यांची सावलीसुद्धा मोजून घेतली जाई त्या लोकांचा. मोठ्यांच्या पंगतीत हे लोक मांडवाच्या आसपासही दिसत नसत. पोरांच्या पंगतीत त्यांची पोरं पोटभर बुंदी खात.

हे गावानं चालवून कसं घेतलं? तर इंग्रजाच्या काळात मास्तरांनी गावाला ठणकावून सांगितलं होतं की शाळेची पंगत इयत्तेनंच बसते, तसा सायबाचा हुकूम आहे. असा हुकूम कुठल्याही साहेबानं कधी काढला नव्हता. साहेबाला या गावाचं नावसुद्धा उच्चारता आलं नसतं. पण आमचं गाव देवाला जितकं भीत नाही तितकं हुकमाला भितं. स्वातंत्र्य मिळाल्यावर मालगुजारानं मिशीला पीळ देत विचारलं, "मास्तर, आता त सायब गेला ना?"

मास्तर म्हणाले, "सायब गेला जी. हुकूम राह्यला."

मालगुजाराची मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, अक्कल आधीपासूनच बेताची होती. त्यानं मान डोलावली. पोरं इयत्तेनं बसत राहिली. घरी गेल्यावर त्यांच्या आया त्यांना दारातच उभं करून अंगावर पाणी ओतत, ती गोष्ट वेगळी.

मी मात्र मांडवात, मालगुजाराच्या उजव्या हाताला बसायचो. माझ्या आडनावामुळे मला ती जागा मिळायची, बाकी माझ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तिथून मास्तर दिसत. पोरांच्या रांगांमधून छत्री टेकत हिंडताहेत, याला भात दे, त्याचं नाक पूस. कोणीतरी यजमान उठून, जरा चाचरतच म्हणायचा, "मास्तर, तुमी पन..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मास्तरांचा हात छातीवर. "आज उपास हाय जी." यजमान हुश्श करून आत जायचा.

मला या ढोंगाचा मनस्वी तिटकारा होता. कारण एकदा अशाच एका लग्नाहून परतल्यावर मी शाळेच्या मागे गेलो. मास्तर तिथल्या खोलीत एकटेच राहत. बायको फार वर्षांपूर्वी वारली होती, पोरबाळ नव्हतं. पाहतो तर मास्तर चुलीपुढे बसून शिळ्या भाताची पेज पिताहेत, तोंडी लावायला मीठ आणि मिरची.

"मास्तर, उपास ना आज?"

"सुटला जी."

"केव्हा?"

"पंगत उठली का सुटते."

आणि पुन्हा पेजेत तोंड. एवढी बुंदी, वांग्याची भाजी, कढी सोडून हा माणूस पेज का ढोसतो, या प्रश्नावर मी एकच उत्तर काढलं होतं. माणूस चक्रम आहे.

गावात एकच व्यक्ती मास्तरांना भीक घालत नसे, ती म्हणजे मालगुजाराची आई. गाव तिला माय म्हणे. माय मांडवाच्या खांबाला टेकून बसायची आणि कोणी कुठे बसायचं ते डोळ्यांनी ठरवायची. तिच्याइतकी सोवळी बाई पंचक्रोशीत नव्हती. मास्तरांचा बाप ख्रिस्ती झाला, त्याआधी तो कोण होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाप दुसऱ्या जिल्ह्यातला, पण या बाबतीत आमच्या लोकांची माहिती कधी चुकत नाही. मास्तरांनी "उपास हाय" म्हटलं की माय डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघायची आणि पानाची पिंक टाकायची. मला तिचं वागणं बरोबर वाटे. ढोंगी माणसाला हेच पाहिजे.

एका वर्षी हिवाळा संपता संपता गोंदियाहून पाद्रीसाहेब जीपमधून आले. गोरे नव्हेत, आपल्यातलेच, पण हिंदीशिवाय बोलत नसत. त्यांनी शाळा पाहिली, पोरांनी गाणं म्हटलं, गांधीलमाशीनं साहेबांच्या मानेचा अंदाज घेतला. मग साहेबांनी विचारलं, "मास्टरजी, इतने बरसों में इस गाँव से कितने लोग प्रभु के पास आए?"

मास्तरांनी विचार केला. "एक, साहब."

"कौन?"

"मैं."

"आप तो पहले से थे."

"हाँ साहब. लेकिन रोज आना पड़ता है."

असं उत्तर दिल्यावर शाळा राहते होय? जनपद सभेची सरकारी शाळा गावात यायचीच होती. मिशननं इमारत तिला देऊन टाकली. मला नव्या शाळेत नोकरी मिळाली आणि मास्तरांना छत्तीसगडातल्या एका बोर्डिंगात पोरांवर नजर ठेवायला पाठवायचं ठरलं. परीक्षा झाल्या की निघायचं. हे कळलं त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा कोणाच्या घरात शिरले नाहीत. मोहाखाली बसून राहिले. मी शेजारी गेलो तर म्हणाले, "लहाने मास्तर, एवढी वर्सं झाली. आता जाताना गाव मले पाहुना समजून पोचवन का घरचा समजून, एवढंच पाहाचं हाय."

मी म्हटलं, "बैलगाडीनं पोचवतील." माझा स्वभावच तसा.

गावानं ठरवलं की मास्तरांना जेवण द्यायचं. सगळी शाळा, सगळं गाव, शाळेच्याच अंगणात. दिवस ठरवायला मालगुजाराच्या ओसरीवर मंडळी जमली आणि आमच्या लोकांनी आपली सगळी बुद्धी एकवटून दिवस शोधून काढला. शुक्रवार. काऊन, तर त्या शुक्रवारी मिशनच्या शाळेला दरसाल सुटी असते, म्हणजे मास्तरांच्या देवाचा सण. सणाच्या दिवशी माणसाला गोडधोड घालावं. मालगुजार स्वतःवर खूश होऊन म्हणाला, "त्याइच्या सनाचा दिवस पाह्यला, पाह्य कसा जमला!"

तो गुड फ्रायडे होता. येशू ख्रिस्ताला खिळे ठोकून मारलं तो दिवस. ख्रिस्ती माणसं त्या दिवशी सुतकात असल्यासारखी असतात. वर्षातून तेवढा एक दिवस मास्तर खरोखर पाण्याचा थेंबही घेत नसत. गोंदियाच्या ख्रिस्ती देवळात जात, तिथे दुपारचे तीन तास गुडघे टेकून बसत आणि परत आल्यावर कोणाशी बोलत नसत. आणि त्याच दिवशी हे गाव वांगी चिरायला बसणार.

मी मास्तरांना म्हटलं, "सांगून येतो. दिवस बदलतील."

"नोको जी, नोको." मास्तरांनी माझा हात धरला. "एवढे वर्सं खोटा उपास सांगतला. आता खरा हाय म्हनून सांगाले गेलो त कोन मानन? आनि बरंच झालं ना. पह्यल्यांदा उपास हाय म्हनाले खोटं बोलाव लागनार नाही."

खरंच त्यांचा चेहरा हलका झाला होता. अशा माणसापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता.

शुक्रवारी अंगणात मोहाच्या फुलांचा सडा पडला होता. बायकांनी तो झाडून सारवण केलं. चुली पेटल्या. कढीच्या वासानं गावची कुत्री कुंपणाशी जमली. मास्तर गोंदियाला गेले नव्हते. काळ्या कोटात, ओठ कोरडे पडलेले, नेहमीसारखे पोरांच्या रांगा लावत होते. मोठी माणसं आपापल्या मानाप्रमाणे एका बाजूला, पोरं इयत्तेप्रमाणे दुसऱ्या बाजूला. ज्याच्यासाठी जेवण त्याची पत्रावळ कुठेच मांडलेली नव्हती, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांना खात्रीच होती ना. मालगुजार उठला, चाचरला, "मास्तर, तुमी पन..."

मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "आज उपास हाय जी."

मालगुजार हुश्श करून बसणार, तेवढ्यात माय उठली. खांब नव्हता म्हणून ती मोहाच्या बुंध्याला टेकून बसली होती. काठी टेकत सगळ्यांच्या मधून चालत आली आणि मास्तरांच्या पुढ्यात उभी राहिली.

"कोन्या देवाचा?"

मास्तर पोरांची रांग सरळ करायला वळले.

"बोला ना जी. कोन्या देवाचा उपास? माह्या धाकल्या लेकाच्या लग्नात उपास, नातीच्या लग्नात उपास, बुढा मेला त त्याच्या तेरवीले उपास. मी काय आंधरी हाव? आमी तुमाले कोठी बसवाव, आत का बाहेर, ह्या पंचाइतीत पडू नये म्हनून तुमी उपाशी राहता. आनि आमी राहू देतो. आमाले बी बरंच पडते."

मालगुजार पत्रावळीकडे बघत होता. मी त्याच्या उजव्या हाताला बसलो होतो, मीही पत्रावळीकडे बघितलं. इतकी वर्षं त्या हुश्श करणाऱ्या यजमानांना मी पाहत आलो होतो आणि चक्रम कोणाला म्हणत होतो, तर मास्तरांना.

"शाळेची पंगत इयत्तेनं बसते ना?" माय म्हणाली. "सायबाचा हुकूम हाय ना? मंग बसा. तुमी कोन्या इयत्तेत?"

पोरांना हे फारच आवडलं. "आमच्या! आमच्या!" असा एकच गिल्ला. पहिलीची पोरं सरकली आणि जागा करून बसली. मास्तरांनी एकदा कौलावरच्या क्रूसाकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. आज खरंच उपास आहे म्हणतील, वर्षातून एकदाचा. त्यांचे ओठ हललेही. समोर माय काठीवर रेलून उभी होती, आणि ती वाट बघत होती.

मास्तर पहिलीच्या रांगेत टोकाला मांडी घालून बसले. उंच माणूस, गुडघे शेजारच्या पोराच्या कानापर्यंत आले.

मायनं वाढणाऱ्याच्या हातातून पळी घेतली आणि स्वतः वाढलं. वरूनच वाढलं, पळी पत्रावळीला लागू न देता. मोठ्यांच्या पंगतीतून चारपाच जण उठून गेले. जाताना पोट दुखतंय असं सांगून गेले, तेवढी लाज त्यांच्यात होती. आणि माय घरी गेल्यावर डोक्यावरून न्हाली, असंही मी नंतर ऐकलं. न्हाली असेल. आमचं गाव एका जेवणानं सुधारण्यातलं नव्हे, आणि इतक्या वर्षांनी बोलावलं तेही माणूस कायमचा निघाल्यावर.

पण मास्तर जेवले. भात, वांग्याची भाजी, कढी, बुंदी. पंगतीत जेवायची सवय नव्हती, त्यामुळे कढी पत्रावळीतून धोतरावर गेली आणि शेजारच्या पोरानं त्यांना भाताचं आळं कसं करायचं ते दाखवलं. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसावं, तर त्यांचा एक हात खरकटा आणि दुसरा पोराच्या खांद्यावर, म्हणून ते तसंच वाहू दिलं. मला ते बघवेना. मी अर्ध्यावरच उठलो.

हात धुवायला ते शाळेच्या विहिरीपाशी आले तेव्हा मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"मास्तर," मी हळूच म्हटलं, "आजचा तर खरा होता."

"होय जी."

"मग? देवाला काय सांगणार?"

मास्तरांनी चूळ भरली. कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की या नागपूरच्या पोराला एवढंही कळू नये.

"त्याले मंग समजावतो ना," ते म्हणाले. "तो काय पाहुना हाय का जी?"